आठ जणांचं शब्दखेळ मंडळ मुंबईत कसं उभं करावं

विचारणारे चौघे आहेत: मुलुंडचे दोघे, पार्ल्याचा एक आणि चेंबूरची एक. चौघंही फोनवर स्क्रॅबल खेळतात, म्हणजे पिशवीतून न बघता काढलेल्या अक्षरांच्या टाइल पटावर जुळवून शब्द करायचा खेळ. आता समोरासमोर बसून खेळायचं मंडळ काढायचंय, जमलं तर एक मराठी टेबलही ठेवायचंय. बोर्ड किती घ्यावेत, जागा कुठे बघावी, वर्गणी किती ठेवावी आणि मंडळाची नोंदणी करावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

चारही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्यापायी मंडळ सहसा मोडत नाही. पहिल्या संध्याकाळी हौसेने चौदा जण येतात. त्यातले पाचसहा जण दीडदोनशे गुणांनी हरतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या सहांपैकी दोघांना लग्नाला जायचं असतं, चौथ्या आठवड्यात जोरदार पाऊस, आणि पाचव्यात फक्त व्हॉट्सअॅप ग्रुप शिल्लक राहतो. म्हणून सगळं ठरवताना एकच गोष्ट डोळ्यांपुढे ठेवा: आज हरलेला माणूस पुढच्या आठवड्यात परत कसा येईल?

आधी वार आणि जागा. तुमच्यापैकी दोघे मध्य रेल्वेवर, एक पश्चिमवर, एक हार्बरवर. मग रविवारची दुपार विसरा. मध्य आणि हार्बरवर साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात मेगाब्लॉक असतो, पश्चिमचा जम्बो ब्लॉकही बहुधा रविवारीच येतो. आठातले तीन जण पाऊण तास उशिरा पोचले की पहिली फेरी कोलमडते आणि वेळेवर आलेल्यांचा विरस होतो. नोकरदार जास्त असतील तर शनिवारी संध्याकाळी ५ ते ८, निवृत्त मंडळी जास्त असतील तर मधल्या वारी दुपारी ३ ते ६. कुठलाही वार घ्या, पण तो दर आठवड्याला तोच असू द्या. ‘या वेळी कुणाला कधी जमेल’ असं विचारायला लागलात की मंडळ संपत आलंच म्हणून समजा. आठवड्याला जमत नसेल तर पहिला आणि तिसरा शनिवार धरा, तो पाठ होतो. ‘दर पंधरा दिवसांनी’ म्हटलं की या खेपेला आहे का, हे प्रत्येक जण विचारत बसतो.

जागा दादरच्या आसपास बघा. मध्य आणि पश्चिम तिथे मिळतात, चेंबूरहून कुर्ल्याला गाडी बदलली की झालं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, दादर सार्वजनिक वाचनालय, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ अशा जुन्या संस्थांच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी. खोली मिळेलच असं नाही, मिळाली तर त्यांच्या अटींवर. पण वाचनालयाच्या वातावरणात शब्दखेळ शोभतो आणि सूचनाफलकावर कागद लावायची परवानगी मिळाली तर आपल्याला हवे तेच लोक तो वाचतात. सोसायटीचा हॉल स्वस्त पडतो, मात्र सेक्रेटरींना आधीच स्पष्ट सांगा की बाहेरचे लोक येणार, आणि गणपती-नवरात्रात हॉल आपला नाही हे गृहीत धरून त्या तारखा जूनमध्येच वगळून टाका. उडप्याकडे जमायची कल्पना चांगली वाटते. पण एक डाव तासभर चालतो, टेबल लहान असतं आणि बाहेर लोक नंबर लावून उभे असतात. साडेचौदा इंचांचा बोर्ड, दोन रॅक (आपल्या टाइल मांडायच्या पट्ट्या), दोन गुणपत्रकं आणि घड्याळ मांडायला निदान दोन फूट बाय तीन फूट जागा लागते. खोली बघायला जाल तेव्हा टेबलांवर उजेड किती पडतो, स्वच्छतागृह कुठे आहे आणि लिफ्ट नसेल तर जिने किती चढायचे हेही बघा. मराठी टेबलावर येणाऱ्यांत साठीच्या पुढचे बरेच असणार.

तीन तासांत तीन फेऱ्या बसवा. स्पर्धेत प्रत्येकाला २५ मिनिटं असतात, म्हणजे एक डाव मोजणीसकट तासाचा. मंडळात २० मिनिटं ठेवा: २० आणि २०, वर १० मिनिटं मोजणी-वादावादीची, असे ५० मिनिटांचे तीन डाव अडीच तासांत बसतात आणि चहा-उशिराला अर्धा तास उरतो. घड्याळ म्हणून फोनवरचं बुद्धिबळाचं घड्याळ चालतं, फक्त फोन विमानाच्या मोडवर टाका, नाहीतर ऐन डावात कुणाच्या तरी घरून फोन येतो. वेळ संपली की दर जादा मिनिटाला १० गुण वजा. नव्या माणसाला मात्र पहिल्या दोन वेळा घड्याळ लावू नका, त्याने तो घाबरतो. त्याच्या टेबलावर ४५ मिनिटांनी ‘दोघांची एकेक चाल आणि थांबा’ एवढंच सांगायचं.

साहित्यावर पहिल्या महिन्यात पैसे घालू नका. मुंबईतल्या कितीतरी घरांत माळ्यावर एक सेट धूळ खात पडलेला असतो, तोच मागवा. खेळाडूंच्या निम्मे बोर्ड आणि वर एक जादा, हे प्रमाण. दहा जणांना सहा. प्रवासी छोटे सेट घेऊ नका, त्यांच्या टाइल म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत. पुठ्ठ्याचे बोर्ड पावसाळ्यात फुगून वाकतात आणि वळवताना टाइल घसरतात. नंतर विकत घ्याल तेव्हा चौकोनांना उभ्या कडा असलेला, खाली फिरता पाट असलेला प्लॅस्टिकचा घ्या. तोवर दोघांनी समोरासमोर न बसता टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसावं. दोघांनाही बोर्ड निदान आडवा दिसतो, उलटा कुणालाच नाही.

टाइल मोजणं हे कंटाळवाणं काम आहे आणि तेच सगळ्यात जास्त चुकतं. इंग्रजी सेटमध्ये १०० टाइल असतात, ९८ अक्षरांच्या आणि २ कोऱ्या, म्हणजे कुठलंही अक्षर मानता येणाऱ्या. डाव सुरू व्हायच्या आधी बोर्डावर पाच बाय पाचचे चार चौरस मांडा. एका नजरेत कळतं की शंभर आहेत की नाहीत. हे टाळलं की हरवलेली टाइल डावाच्या शेवटी कळते. शेवटी जाणता खेळाडू बोर्डावरची अक्षरं वजा करून समोरच्याच्या रॅकवर काय असणार ते काढतो, आणि एक जरी टाइल कमी असली तरी त्याचा हिशेब खोटा ठरतो. दोन सेट एकमेकांत मिसळणं हा दुसरा घोळ. त्यावर काही जण टाइलच्या पाठीवर खूण करतात, ते अजिबात करू नका, पिशवीत हात घातल्यावर ती खूण बोटांना लागते. क्रमांक बोर्डावर आणि पिशवीवर घाला, आणि शेजारच्या टेबलांवर शक्यतो वेगळ्या रंगाचे सेट ठेवा. पिशवी शिंप्याकडून शिवून घ्या: गडद जाड कापड, मनगट सहज आत जाईल एवढं तोंड, आणि शिवणीचे दोरे बाहेरच्या बाजूला. आतल्या शिवणीत टाइल अडकून बसते आणि लोक टेबलाखाली शोधत राहतात. टाइल काढताना पिशवी खांद्याच्या उंचीवर धरायची आणि तोंड दुसरीकडे करायचं. पंख्याखाली बसणार असाल तर गुणपत्रकांना चिमटे हवेतच.

आता परत येण्याची गोष्ट, म्हणजे जोड्या. पहिली फेरी चिठ्ठ्या टाकून. दुसऱ्या फेरीपासून जिंकलेला जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी, आणि एकच जोडी पुन्हा नाही. बुद्धिबळवाले याला स्विस पद्धत म्हणतात. बरोबर आठ खेळाडू असले आणि बरोबरी झाली नाही, तर तीन फेऱ्यांअखेर एकाचे तीन विजय, तिघांचे दोन, तिघांचा एक आणि फक्त एकाचा शून्य, हे गणितच आहे. म्हणजे आठातले सात जण निदान एक डाव जिंकून घरी जातात. मनाला येईल तशा जोड्या लावल्या तर तेच दोन-तीन जण दर आठवड्याला तिन्ही डाव हरतात, आणि तेच गळतात. आठ जण हा आकडा मला दहापेक्षा आवडतो तो याच कारणाने.

विषम संख्या झाली तर तिघांचा डाव लावू नका. चाली लांबतात आणि आपल्या आधी कोण बसलंय यावर निकाल जातो. आयोजकाने स्वतःची खुर्ची मोकळी ठेवायची: विषम असतील तेव्हा तो खेळेल, सम असतील तेव्हा घड्याळं बघेल. चौघांपैकी कुणाला हे जमणार ते आधी ठरवा, कारण ज्याला प्रत्येक डाव खेळायचाच असतो त्याच्याकडून आयोजन होत नाही.

गुणांची सूट द्या, पण पूर्ण नको. दोघांच्या गेल्या पाच डावांच्या सरासरीतल्या फरकाच्या निम्मी, आणि कमाल ८०. एकाची सरासरी ३८०, दुसऱ्याची २४०, फरक १४०, म्हणून दुसऱ्याला सुरुवातीलाच ७०. पूर्ण फरक दिलात तर जिंकणं म्हणजे छापा-काटा होतो आणि चांगला खेळणारा कंटाळून जातो. यासाठी एक लांब वही लागेल: नाव, तारीख, प्रत्येक डावाचे गुण. त्या वहीत प्रत्येकाचा आजवरचा सर्वोच्च डाव लाल पेनने गोल करा, आणि संध्याकाळी निकाल सांगताना विजेत्याच्या आधी ‘आज लाल गोल कुणाचा बदलला’ ते सांगा. १८० वरून २१० वर गेलेला माणूस तिन्ही डाव हरूनही पुढच्या शनिवारी येतो.

नव्याला दुसरी मदत कागदाची. इंग्रजी स्क्रॅबलचे भारतातले खेळाडू कॉलिन्सची, म्हणजे खेळात चालणाऱ्या शब्दांची, यादी मानतात. तिच्यात दोन अक्षरी शब्दच सव्वाशेच्या आसपास आहेत. क्यू आणि आय मिळून होणारा, किंवा झेड आणि ए मिळून होणारा शब्द शाळेत कुणी शिकवत नाही. जुना खेळाडू ते पाठ करून आलेला असतो, आणि खरा फरक तिथेच पडतो, इंग्रजी किती चांगलं येतं यात नव्हे. दोन अक्षरी शब्दांची छापील यादी पहिले चार आठवडे नव्या माणसाच्या शेजारी उघडी ठेवू द्या. मराठी माध्यमातून आलेल्यांना हेही सांगा की रोटी, पुरी, घी, लाख, साडी हे शब्द त्या यादीत आहेत. संकोच जातो.

चॅलेंजवरून, म्हणजे समोरच्याच्या शब्दाला हटकण्यावरून, भांडणं होतात, म्हणून नियम भिंतीवर लावा. शब्द तपासायला खोलीत एकच फोन किंवा लॅपटॉप, सगळ्यांचे फोन पिशवीत. घड्याळ थांबवून दोघांनी तिथे जायचं, चालीत झालेले सगळे शब्द एकदम घालायचे, आणि उत्तर फक्त ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’. कुठला शब्द चुकला ते यंत्र सांगत नाही, आपणही सांगायचं नाही. चाल चुकीची निघाली तर टाइल उचलून गुण शून्य. बरोबर निघाली तर हटकणाऱ्याला नव्यांच्या टेबलावर दंड नाही, जुन्यांच्या टेबलावर ५ गुण. न हटकलेला चुकीचा शब्द बोर्डावर राहतो, तो खेळाचाच भाग आहे. आणि ‘अर्थ सांग बघू’ ही मागणी डाव चालू असताना बंद. अर्थाची चर्चा चहाच्या वेळी, ती फार रंगते.

मराठी टेबल दुसऱ्या महिन्यात सुरू करा. पहिल्याच दिवशी ठेवलंत तर सगळी संध्याकाळ ऱ्हस्व-दीर्घावर जाईल. इथे खरी अडचण टाइलवर काय लिहायचं याची आहे. पूर्ण अक्षर लिहायचं म्हटलं तर ३४ व्यंजनं गुणिले बाराखडीतली १२ रूपं म्हणजे ४०८, जोडाक्षरं वेगळीच. नुसती व्यंजनं ठेवून ‘मात्रा मनातल्या मनात’ असं केलं तर क आणि र या दोन टाइलींतून कर, कार, कीर, कोरा, केर असं काहीही निघतं, आणि आडवा शब्द एका मात्रेने, उभा दुसऱ्या मात्रेने वाचला जातो. डाव इतका सैल होतो की जिंकण्यात मजा राहत नाही.

चालणारा मार्ग मधला आहे. टाइलवर व्यंजन छापलेलं, आणि शब्द लावताच त्यावर पुसता येणाऱ्या व्हाइटबोर्ड पेनने मात्रा लिहायची. एकदा लिहिली की डावभर तीच, उभ्या शब्दालाही तीच. जोडाक्षराला दोन चौकोन, पहिल्या टाइलखाली पाय मोडायचा. ‘पुस्तक’ला चार टाइल, ‘महाराष्ट्र’ला सहा. स्वरांसाठी अ ची टाइल, तिच्यावरच आ, इ, उ, ए वगैरे लिहायचं. अनुस्वार फुकट. छपाई फ्लेक्सवाल्याकडून ३ मिलिमीटर सनबोर्डवर करून घ्या, टाइल अडीच सेंटिमीटर चौरस, कारण वरच्या वेलांटीला आणि खालच्या उकाराला जागा लागते. १५ बाय १५ चा पट मग साडेसदतीस सेंटिमीटरचा होतो. लॅमिनेशन चकचकीत सांगा, मॅटवर शाई बसते आणि निघत नाही. कुणीतरी चुकून कायमचं मार्कर वापरणारच, ते सॅनिटायझरने निघतं.

कुठली टाइल किती? स्क्रॅबल रचणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून प्रमाण ठरवलं होतं. मराठीत वर्तमानपत्र मोजू नका. ‘आहे’, ‘होते’, ‘च्या’, ‘ला’ यांमुळे ह, च, य, ल फुगून येतात, आणि ही रूपं तर खेळात आपण घेणारच नाही. त्याऐवजी शब्दकोशाची कुठलीही पन्नास पानं उघडा, प्रत्येकावरचे पहिले दहा शब्द घ्या, त्या पाचशे शब्दांची व्यंजनं सुटी करून मोजा आणि ते प्रमाण ९० टाइलींवर आणा. ङ आणि ञ नकोतच, ‘वाङ्मय’ लिहायची हौस असेल तर कोरी टाइल वापरा. ळ ने मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून ती थोडी आणि महाग. ण मात्र तशी वाटली तरी जास्त ठेवावी लागते, कारण कोशात क्रियापदं ‘णे’ लावून असतात: बस, कर, घाल यांपैकी काहीही पटावर असेल तर पुढे ण लावून णे लिहिलं की झालं. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी लागणारा एस करतो ते काम मराठीत ण करतो.

कुठली रूपं चालतील ते लिहून काढा. नाम एकवचन आणि अनेकवचन, विभक्ती नाही. विशेषण तिन्ही लिंगांत. क्रियापद मूळ धातू आणि ‘णे’ एवढंच. विशेषनाम नाही. ‘केलेल्यांना’ला एकदा दार उघडलं की निवाडा कुणालाच करता येत नाही. कोश एकच, लहानसा, टेबलावर ठेवण्याजोगा. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश थोर आहे, पण त्यात जुने आणि प्रांतिक शब्द इतके आहेत की हटकणारा सहसा हरतोच, म्हणून तो चहाच्या चर्चेला ठेवा. टेबल, स्टेशन, बस हे शब्द घ्यायचे की नाही हेही तो लहान कोशच ठरवील. ऱ्हस्व-दीर्घासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ ची भर, मिळून १८ नियम, भिंतीवर लावा. ‘कवी’ दीर्घ, ‘आणि’ ऱ्हस्व, एवढ्यावर निम्मे वाद मिटतात. एका चालीत लावलेल्या पाच टाइलींना २० आणि सातला ५० बक्षीस गुण ठेवा, कारण सात व्यंजनांचे शब्द मराठीत क्वचितच जमतात.

पैशांचा हिशेब थोडक्यात. समजा हॉल एका संध्याकाळचे ६०० घेतो, चहा १५०. महिन्याच्या चार शनिवारांचे ३,०००. दहा जणांकडून महिन्याला ३०० आगाऊ घ्या. दोघं सुटली तरी आठांचे २,४०० हॉलला पुरतात, चहा ज्याचा त्याने. दर वेळी पैसे गोळा करू नका: न आलेल्याचे बुडतात आणि आगाऊ दिलेला माणूस कंटाळा आला तरी येतो. नव्याला पहिल्या दोन खेपा फुकट. नोंदणी पहिल्या वर्षी नको. पुढे स्पर्धा भरवायची, संस्थेच्या नावाने बँकेत खातं हवं असं झालं तर १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान ७ सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद होते. मंडळाच्या नावात स्क्रॅबल हा शब्द घालू नका, ते नोंदलेलं व्यापारचिन्ह आहे. ‘शब्दखेळ मंडळ, दादर’ पुरे.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिनने लिहायचं. शुक्रवारी रात्री ९ पर्यंत येणाऱ्याने अॅडमिनला वेगळं कळवायचं, पावसामुळे रद्द असेल तर शनिवारी दुपारी २ च्या आत निरोप, त्यानंतर रद्द नाही. गप्पा मारायला वेगळा ग्रुप काढा, सुप्रभात तिथे.

आवरायची दहा मिनिटं वेळापत्रकातच धरा. पुन्हा पाच बाय पाचचे चार चौरस, मग पिशवीत. मराठी टाइल ओल्या फडक्याने पुसून, कोरड्या करून ठेवा, नाहीतर आजची ‘की’ पुढच्या शनिवारी पिशवीतून ‘की’ म्हणूनच बाहेर येते.